बौद्धिक दिव्यांग मुलाला कामाला लावताना: वाशीम जिल्ह्यात कागद कोणते, खर्च किती

मुलगा अठरा वर्षांचा झाला, विशेष शाळेनं दाखला हातात दिला आणि आता तो दिवसभर ओसरीवर बसून असतो. त्याला काम करायचं आहे आणि तुम्हालाही ते हवं आहे. पण वाशीममध्ये ‘सपोर्टेड एम्प्लॉयमेंट’ अशी पाटी शोधत फिरू नका. ही सोय इथे एका खिडकीवर मिळत नाही, ती तुकड्यातुकड्यांनी जोडावी लागते. कार्डासाठी तपासणी जिल्हा रुग्णालयात, पालकत्वाचं प्रमाणपत्र जिल्हाधिकारी कार्यालयातून, नोंदणी संगणकावरून आणि काम बहुतेक वेळा ओळखीच्या दुकानदाराकडून. यातल्या एकाही सरकारी पायरीला मोठी फी नाही. पैसा जातो तो एजंटाकडे आणि एस.टी.च्या तिकिटात. तिकिटाचा हिशेब पुढे मांडला आहे, तो वाचल्याशिवाय कुणालाही होकार देऊ नका.

आधी नेमकं काय मागायचं ते समजून घ्या. ‘कार्यशाळा’ म्हणजे सगळी मुलं एका छताखाली मेणबत्त्या, फाइली, पणत्या करतात. तिथे मिळतं ते बहुधा मानधन, पगार नव्हे. सोबतीनं रोजगार, म्हणजेच ‘सपोर्टेड एम्प्लॉयमेंट’, यात मुलगा खऱ्या दुकानात, खऱ्या गिऱ्हाइकांमध्ये काम करतो आणि सुरुवातीचे काही आठवडे एक जाणकार माणूस शेजारी उभा राहून त्याला ते काम शिकवतो. शहरात या माणसाला जॉब कोच म्हणतात, आपण सोबती म्हणू. आधी जागा, मग शिक्षण, असा हा क्रम आहे. मुंबईत ओम क्रिएशन्ससारख्या संस्थेकडे किंवा जुहूच्या कॅफे अर्पणकडे कामाची जागा आणि शिकवणारी माणसं एकाच ठिकाणी आहेत. तुमच्याकडे शाळेतले शिक्षक, नात्यातला एखादा थोरला आणि बाजारातली पत एवढंच भांडवल आहे. तेवढ्यावर भागतं.

पहिला कागद: यूडीआयडी

स्वावलंबन कार्ड म्हणजेच यूडीआयडी. अर्ज स्वावलंबन कार्डाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करायचा. आधार, फोटो, सही किंवा अंगठा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. फी शून्य. कार्ड घरी येतं, त्याचेही पैसे नाहीत. सेतू किंवा सायबरवाला भरून देईल तो त्याची मजुरी घेईल, ‘कार्डाची फी’ म्हणून नव्हे. हा फरक त्याच्या तोंडावर विचारा आणि पावती मागा.

तपासणी वाशीमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात. बौद्धिक दिव्यांगत्वाचा बोर्ड कोणत्या वारी बसतो हे आधी विचारून जा. मानोरा किंवा रिसोडहून आलेला माणूस चुकीच्या वारी पोचला की दिवस आणि दोघांचं भाडं दोन्ही बुडतं. नवीन नियमांनुसार अर्जापासून तीन महिन्यांच्या आत प्रमाणपत्र मिळायला हवं.

तपासणीत नुसता बुद्ध्यंक पाहत नाहीत. मूल स्वतः जेवतं का, कपडे घालतं का, पैसे ओळखतं का यावरून सामाजिक परिपक्वतेची चाचणी होते. टक्के त्यावरून ठरतात: सौम्य ५०, मध्यम ७५, तीव्र ९०, अतितीव्र १००. सीमारेषेवरच्या मुलाला २५ टक्के मिळतात आणि बहुतेक योजनांचं दार ४० टक्क्यांवर उघडतं. ‘टक्के वाढवून देतो’ म्हणणारा भेटला तर तिथून उठा. खोट्या प्रमाणपत्रावर लाभ घेतल्यास दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात अडकाल तुम्ही, तो नाही.

एक गोष्ट हमखास राहून जाते. लहानपणी काढलेलं प्रमाणपत्र कायमचं नसतं. अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते आणि त्यानंतरचं आयुष्यभर चालतं. शाळेतले जुने चाचणी अहवाल फेकू नका, बोर्डासमोर ते कामी येतात. त्याच सुमारास आधारही अद्ययावत करा. बायोमेट्रिक बदलाला १२५ रुपये आणि पत्ता-नावाच्या बदलाला ७५ रुपये, हा ऑक्टोबर २०२५ पासूनचा दर. आधारवरचं, शाळेच्या दाखल्यावरचं आणि बँकेतलं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे, नाहीतर थेट खात्यात येणारा पैसा मध्येच अडकतो.

पालकत्व: सगळ्यांना लागत नाही

अठरा पूर्ण झाली की कायद्यानं आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. बँक नेमकं इथेच अडवते. उपाय आहे राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ मध्ये. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती कायदेशीर पालक नेमते. अर्ज ‘नमुना अ’ मध्ये. सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, दोघांचं आधार, फोटो. भावंडं असतील तर त्यांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा, सुनावणीत तोच प्रश्न येतो. कोर्टात जावं लागत नाही, वकीलही लागत नाही. ‘कोर्टातून करून देतो, एवढे हजार होतील’ असं कुणी म्हणालं तर सरळ जिल्हाधिकारी कार्यालयाचा जिना चढा.

या अर्जासोबतच्या शपथपत्रासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प घ्यायला लावतात. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर करा. नाकारलं तर नाकारल्याचं लेखी मागा. लेखी देण्याची वेळ आली की बहुतेकदा साधा कागद चालतो.

पालकत्व मिळालं की जबाबदारीही येते. सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा असतो. शेत मुलाच्या नावावर असेल तर हे विसरू नका.

पण थांबा. मुलगा सही करतो, नोटा ओळखतो, एटीएममधून पैसे काढायला शिकू शकतो, तर पालकत्वाची घाई कशाला? नोकरीसाठी ती अट नाही. त्याच्याच नावानं साधं मूलभूत बचत खातं उघडा, त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. बँकेनं पालकत्वाचं प्रमाणपत्र मागितलंच, तर राष्ट्रीय न्यासाच्या समितीनं दिलेलं प्रमाणपत्र बँकांनी स्वीकारावं अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, हे शाखेत सांगा.

खातं उघडलं की त्याच दिवशी दोन छोटी कामं उरका. पंतप्रधान सुरक्षा विमा: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. आणि राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना: एक लाखापर्यंतचा उपचार, त्यात बाह्यरुग्ण उपचारही, आणि आधी वैद्यकीय चाचणीची अट नाही. नोंदणी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला २५० रुपये, इतरांना ५००. अर्ज नोंदणीकृत संस्थेमार्फत जातो. संस्थेनं याहून जास्त मागितलं तर कशाचे ते विचारा. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. संस्था आठवण करून देईलच असं नाही.

काम शोधायचं कुठे

सरकारी नोकरीचं आधी सांगून टाकतो, म्हणजे आशेवर पैसे जाणार नाहीत. दिव्यांगांना चार टक्के आरक्षण आहे. त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व या सगळ्यांत मिळून. शिक्षणाची अट आणि परीक्षा तशीच राहते. मध्यम किंवा तीव्र दिव्यांगत्वाच्या मुलासाठी हे दार जवळपास बंद आहे. म्हणून ‘कोट्यातून शिपाई लावतो, दोन लाख द्या’ ही सरळ फसवणूक. मागणारा सरकारी नोकर असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

तरीही नोंदणी करा, ती फुकट आहे. महास्वयम् संकेतस्थळावर आणि वाशीमच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात. प्रशिक्षणासाठी केंद्राचं पीएम-दक्ष दिव्यांगजन संकेतस्थळ, वय १५ ते ५९, तेही विनाशुल्क. मूल्यमापन आणि व्यवसाय मार्गदर्शनासाठी नागपूरला केंद्र सरकारचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे. नागपूरची फेरी अख्खा दिवस खाते, म्हणून सगळे कागद एका पिशवीत घालून एकदाच जा.

खरं काम मिळतं ते चालत जाण्याच्या अंतरावर. कारंज्यात गुरुमंदिराच्या आसपास प्रसाद, नारळ, हारांची दुकानं. पोहरादेवीला यात्रेच्या दिवसांत दुकानदाराला हात कमी पडतात. डाळ मिलमध्ये निवडणं आणि पुड्या भरणं, रिसोडकडे हळद, बाजार समितीभोवतीची चहाची टपरी, मेडिकलमध्ये खोकी लावणं, रोपवाटिकेत पिशव्या भरणं. एकाच क्रमानं पुन्हा पुन्हा करायचं काम निवडा. ज्यात दर पाच मिनिटांनी काय करायचं ते बदलतं, ते टाळा. आणि मशिनीजवळचं, उघड्या पट्ट्याजवळचं काम पहिल्या वर्षात नकोच, मालक कितीही चांगला असला तरी.

मालकाला ‘दया करा’ म्हणू नका. दोन आठवडे चाचणी मागा आणि सोबती शेजारी असेल हे सांगा. मोठी मिल किंवा कारखाना असेल तर हेही सांगा की राज्य कामगार विम्यात दिव्यांग कामगारासाठी पगाराची मर्यादा २१,००० ऐवजी २५,००० आहे. सगळ्याच मालकांना हे ठाऊक नसतं.

सोबती: याचा दर कुठे छापलेला नाही

उत्तम सोबती म्हणजे मुलाच्या विशेष शाळेतले शिक्षक. बाहेरून कुणी घेत असाल तर भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. विशेष शिक्षण किंवा व्यावसायिक पुनर्वसनाची पदविका असलेल्याकडे तो असतो. पैसे तासावर ठरवा, महिन्यावर नको. कारण या कामाची गंमतच ही की सोबत कमी होत गेली पाहिजे. पहिले दोन आठवडे पूर्ण वेळ, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, मग फोनवर. महिन्याचा दर ठरवलात तर सोबत कमी करण्यात सोबत्याचा फायदा नसतो. हे वाईट बोलतोय असं वाटेल, पण शिकवणीवर्गाचा अनुभव तुम्हालाही असेलच.

सोबत्यानं काम मुलाच्या जागी करायचं नसतं, तुकडे पाडून द्यायचं असतं. हळदीची पुडी भरायची तर: पिशवी घे, तोंड उघड, मापानं एक भर, काट्यावर ठेव, काटा खुणेवर आला का बघ, शिवायच्या माणसाकडे दे. सहा पायऱ्या, सहा फोटो, एक जाड पुठ्ठा. खर्च फोटोप्रिंटचा. हा पुठ्ठा नसेल तर सोबती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी काम सुटतं.

दुकानातला एक माणूसही ठरवून घ्या, ज्याला मुलगा अडल्यावर विचारेल. मालक नको, तो गल्ल्यावर असतो. नोकरांपैकी एखादी मावशी किंवा जुना हमाल सगळ्यात बरा.

आता तिकिटाचा हिशेब

एस.टी.त दिव्यांगाला ७५ टक्के सवलत. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्या माणसाला ५० टक्के, पण तो सोबत असेल तेव्हाच. मुलाला सोडून एकटा परत येताना त्याचं तिकीट पूर्ण. घोळ नेमका इथे होतो.

समजा गावापासून कामाच्या ठिकाणापर्यंत तिकीट ४० रुपये. मुलाचे जाण्यायेण्याचे १० आणि १०. वडील सोडायला गेले: जाताना २०, परत एकटे ४०, संध्याकाळी आणायला एकटे ४०, येताना २०. दिवसाचे १४०, पंचवीस दिवसांचे ३,५००. सौम्य दिव्यांगत्वात ५० टक्क्यांचं प्रमाणपत्र असतं, तेव्हा सोबत्याची सवलत मिळतच नाही आणि हाच आकडा ४,५०० होतो.

आई गेली तर? महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, सोबत असो वा एकटी. चारही फेऱ्या २० रुपयांनी. दिवसाचे १००, महिन्याचे २,५००. आजोबा ६५ ते ७५ वयाचे असतील तर त्यांनाही अर्धं, पंचाहत्तरीपुढे तिकीटच नाही. फेऱ्या कोण करणार ते या हिशेबानं ठरवा, मात्र आजोबांच्या गुडघ्यांनाही विचारा.

आणि मुलगा एकटा जायला शिकला तर महिन्याचे ५००.

म्हणून सोबत्याचे पहिले तास दुकानात नव्हे, बसस्टँडवर खर्च करा. कोणत्या फलाटावर उभं राहायचं, पाटीवरचं अक्षर कसं ओळखायचं, कंडक्टरला कार्ड कसं दाखवायचं, गाडी चुकली तर कुठे थांबून कुणाला फोन करायचा. कार्ड मूळच लागतं. झेरॉक्सवर वाद होतो आणि भर गर्दीत वाद झाला की मुलगा घाबरून दुसऱ्या दिवशी जायला नाही म्हणतो. कामाची जागा चालत जाण्यासारखी असेल आणि पगार थोडा कमी असेल, तरी ती घ्या.

अनुदान जाईल का?

हा प्रश्न पालक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून उघड उत्तर. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये आहेत. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,०००. आता मांडा. अर्ध्या दिवसाच्या कामाचे ५,००० ठरले, वर्षाचे ६०,०००. मर्यादा ओलांडली, अनुदान बंद होऊ शकतं. ५,००० मधून गेलेले २,५०० आणि वडिलांच्या फेऱ्यांचे ३,५०० वजा करा: घर महिन्याला हजार रुपयांनी मागे. तोच मुलगा एकटा जात असेल तर दोन हजारांनी पुढे. काम तेच, पगार तोच.

उत्पन्न लपवू नका. दिलेलं अनुदान वसूल करण्याची नोटीस आली की एकरकमी भरणं जड जातं. पण कमी तास घेऊन कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न मर्यादेत ठेवणं बेकायदा नाही. काम सुरू होण्याआधी तहसील कार्यालयात लेखी विचारा आणि आवक क्रमांक घ्या. घरात सरकारी निवृत्तिवेतन असेल आणि पुढे मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचं असेल, तर त्यातही मुलाच्या कमाईची अट असते. पगार सुरू होण्याआधी कोषागारात विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

एक पैसा मात्र बहुतेक नोकरदार पालक उगाच भरतात: व्यवसाय कर. बौद्धिक दिव्यांग मुलाच्या पालकाला महाराष्ट्रात तो माफ आहे. वर्षाचे २,५०० रुपये. कार्यालयात प्रमाणपत्राची प्रत देऊन कपात थांबवा. जुन्या आयकर पद्धतीत कलम ८०डीडी खाली ७५,००० रुपयांची वजावट, दिव्यांगत्व ८० टक्क्यांच्या वर असेल तर १,२५,०००.

पगार: कागदावर घ्या

‘तो काय काम करतो, चहापाण्याला देतो काहीतरी.’ हे वाक्य तुम्ही ऐकणार आहात. पहिले दोन आठवडे चाचणी म्हणून ठीक, त्यापुढे किमान वेतनाच्या हिशेबानं तासाचे पैसे. दिव्यांग आहे म्हणून मालकानं आपल्या मनानं दर पाडायचा नसतो. एका कागदावर चार ओळी लिहून घ्या: कामाचे तास, तासाचा दर, सुट्टीचा वार, पैसे कोणत्या तारखेला. पैसे मुलाच्या खात्यात. ‘युनिफॉर्म’, ‘जेवण’, ‘फुटलेली बरणी’ अशा नावांनी कापायचं असेल तर किती कापणार तेही आधी लिहा. थकले तर वाशीमच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज. मारहाण, मुद्दाम अपमान किंवा छळ झाला तर दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९२: सहा महिने ते पाच वर्षं कैद. पोलिसांत जाताना यूडीआयडीची प्रत न्या. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे, तिथे तक्रार टपालानंही करता येते.

कार्यशाळेत घालायचं ठरवलंत तर तिथे एकच विचारा: माल विकल्यावर मुलाला किती आणि कोणत्या खात्यात? उत्तर गोल आलं तर तुम्हीही गोल फिरून परत या. अनुदानित संस्थेत शुल्क असेल तर कशाचं ते लेखी मागा, ‘देणगी’ची सक्ती मान्य करू नका.

नोकरीऐवजी घरचाच धंदा

गावात दुकान कुणाचं नाही, बस दिवसातून दोनदा येते, असं असेल तर पिठाची गिरणी, शेवया, किराण्याची टपरी हा मार्ग आहे. महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळाच्या कर्जासाठी बौद्धिक दिव्यांगाच्या वतीनं पालक अर्ज करू शकतात. महामंडळाची फिरत्या ई-वाहनावरच्या दुकानाची योजनाही आहे: वय १८ ते ५५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, बौद्धिक दिव्यांगासाठी कायदेशीर पालकानं अर्ज करायचा. पालकत्वाचं प्रमाणपत्र इथे मात्र लागतंच, म्हणून जाहिरातीची वाट न पाहता ते आधी काढून ठेवा. या वाहनासाठी ‘प्रोसेसिंग’चे पैसे मागणारा माणूस महामंडळाचा नसतो.

ग्रामपंचायत, नगर परिषद, जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. बहुतेक गावांत ते वर्षाअखेरीस थोडे थोडे वाटून संपवतात. तुम्ही एप्रिलमध्येच लेखी मागणी द्या: ‘गिरणीची मोटार’ किंवा ‘वजनकाटा’, नेमकी वस्तू आणि तिचं दरपत्रक जोडून. ग्रामपंचायतीकडून पोच घ्या. ठराव झाला की ग्रामसभेच्या इतिवृत्तात तो लिहिला का, ते स्वतः वाचा.

आणि काम सुटलं, जे पहिल्या वर्षात एकदा तरी होतं, तर त्याच आठवड्यात दोन ठिकाणी जा. मालकाकडून शेवटच्या पगाराची तारीख लिहून घ्या आणि ती जोडून तहसील कार्यालयात अनुदानाचा अर्ज पुन्हा टाका. मंजुरीला वेळ लागतो, आणि मधल्या महिन्यांचे पैसे मागून मिळत नाहीत असं धरूनच चाला.